जनावर गाभडलं, वार अडकली, रेतन उलटतंय: पशुसखीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात पशुसखी म्हणून (जनावरांच्या काळजीत गावकऱ्यांना मदत करणारी बाई) गोठ्यागोठ्यातनं फिरते, आणि रात्री-अपरात्री फोनवर व्हॉइस मेसेज येतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एका जागी लिहून ठेवलेत. मी डॉक्टर नाही, म्हणून औषधाचा डोस कुठंच दिलेला नाही, तो डॉक्टरनी जनावर बघूनच ठरवायचा. सरकारी फिरता दवाखाना बोलवायला १९६२ हा नंबर फुकट लागतो, तो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

१. ताई, गाभ टाकला म्हणजे ब्रुसेलाच झाला असं समजायचं का?

नाही. ब्रुसेला हा गाभ पाडणारा जिवाणूचा रोग खरा, पण पाय घसरून पडली, दुसरीनं शिंग मारलं, कडक ताप येऊन गेला, बुरशीची पेंड पोटात गेली, यातल्या कशानंही गाभ पडतो. पण महिना कुठला ते बघायचं. गाईचे दिवस साधारण नऊ महिने नऊ दिवस आणि म्हशीचे दहा महिने दहा दिवस धरतो आपण, त्यात शेवटच्या तीन महिन्यात, काही मार-बिर लागलेला नसताना गाभ पडला तर पहिला संशय ब्रुसेलावर घ्यायचा. एकाच दावणीला वर्षात दोन जनावरं गाभडली तर मग नुसता संशय धरून बसायचंच नाही, रक्त तपासायला द्यायचं. नजर लागली म्हणून उतारा टाकायचा असेल तर टाका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं मन मोडू नका, पण रक्त द्याच. गाभ पडायची बाकीची कारणं प्रश्न १२ आणि १३ मध्ये आहेत.

२. हा ब्रुसेला असतो कुठं आणि आमच्या गोठ्यात आला कुठनं?

हा एक बारीक जिवाणू आहे, १८९७ मध्ये डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी गाभडलेल्या गाईत तो शोधून काढला. त्याला गाभण पिशवी (गर्भाशय) आणि कास या दोन जागा लई आवडतात. गाभण पिशवीत एक साखर तयार होते, तिच्यावर तो वाढतो, म्हणून कालवडीत गपचूप असतो आणि गाभण राहिल्यावर उठतो. गाभडलेल्या जनावराची वार (वासराभोवतीचा, त्याच्यामागनं पडणारा पडदा), पडलेलं वासरू आणि पिशवीतनं येणारी घाण यात तो अक्षरशः कोट्यवधीनं असतो, आणि दुसरं जनावर ते चाटतं, नाहीतर त्यानं भिजलेली वैरण खातं, तिथनं तो पोटात जातो.

गोठ्यात मात्र तो बहुतेक वेळा विकत घेतलेल्या जनावराबरोबर येतो. वडगावच्या बाजारातनं नाहीतर व्यापाऱ्याकडनं म्हैस आणताना आपण कास बघतो, सड पिळून बघतो, दात मोजतो आणि थेट आपल्या दावणीला नेऊन बांधतो. तिला निदान तीन-चार आठवडे वेगळी बांधा, रक्त तपासा, मगच आत घ्या. एक लाखाच्या म्हशीला एवढं करायलाच पाहिजे.

३. आत्ताच गाभडलीय, पहिल्यांदा काय करू?

हा मेसेज पहाटे येतो बघा, आणि सोबत फोटोत कुणीतरी उघड्या हातानं ते मेलेलं वासरू धरलेलं असतं. आधी हात बाजूला. हातमोजे घाला, नसतील तर दोन प्लास्टिकच्या पिशव्या कोपरापर्यंत बांधा, तोंडाला फडकं लावा. घरात कुणी गरोदर असेल तर तिला गोठ्याकडं फिरकू देऊ नका, लहान पोरांनाही नाही. मग डॉक्टरांना फोन करा आणि ते येईपर्यंत वार आणि वासरू पुरू नका, झाकून ठेवा, कारण नमुना त्यातनंच घेतात.

नमुना घेऊन झाला की चार-पाच फूट खोल खड्डा, विहीर आणि ओढ्यापासनं लांब, त्यात चुना, मग वार-वासरू, वर परत चुना आणि माती, आणि कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड. खालचं गवत-पाचट जाळून टाका, उकिरड्यावर टाकू नका. जागा फिनेलनं नाहीतर ब्लिचिंग पावडरनं धुवा. हा जंतू उन्हात लवकर मरतो पण सावलीत, ओलाव्यात, शेणात महिनोन् महिने जगतो, आणि आपले गोठे पावसाळ्यात कसे असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. गाभडलेलं जनावर महिनाभर तरी वेगळं बांधा, घाण यायची पूर्ण थांबेपर्यंत, आणि त्याचं शेणघाण शेवटी काढा, बाकीच्यांचं आधी.

आणि ओढ्यात टाकायचं नाही. कळकळीनं सांगते, अंधारात नेऊन ओढ्यात नाहीतर पंचगंगेत सोडून येणारे बघितलेत मी, खालच्या वस्तीवरची जनावरं तेच पाणी पितात.

४. व्याली पण वार पडेना, किती वेळ वाट बघू? हातानं काढली तर चालतं का?

वार साधारण तीन ते आठ तासात पडते, बारा तास झाले आणि नाही पडली तर अडकली म्हणायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. तोवर लोंबणारी वार ओढायची नाही, तिला चप्पल, वीट, दगड काही बांधायचं नाही. वजनानं ती आत तुटते, तुकडा पिशवीत राहतो, पिशवी खरवडते, कधी मायांग (योनी-पिशवीचा भाग) बाहेर येतं आणि सडलेल्या तुकड्यावर जंतू वाढून पुढचं सगळं प्रश्न ५ मधलं सुरू होतं. लोंबणारी वार शेणात लोळत असेल तर गुडघ्याच्या वर एवढी ठेवून खालची कापून टाका, एवढंच घरी करायचं.

हातानं काढायचं म्हणाल तर आमच्या घरातलं सांगते. पावसाळ्याचे दिवस, रात्री लाईट गेलेली, म्हैस आठव्या महिन्यात गाभडली आणि वार अडकली. सासऱ्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि हात घालून वार काढली, त्यांच्या उजव्या अंगठ्याला संध्याकाळीच वैरण कापताना विळा लागलेला, वर फडकं गुंडाळलेलं होतं ते त्यांनी काढून खुंटीला अडकवलं. साबणानं हात धुतले आणि भाकरी खायला बसले. आम्हाला वाटलं काम झालं, डॉक्टरचे पैसे वाचले. तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला, पुढचं प्रश्न ९ मध्ये लिहिलंय.

५. व्याल्यावर घाण येतेय, कुठवर नॉर्मल आणि कधी घाबरायचं?

वास हा खरा थर्मामीटर. व्याल्यावर पंधरा दिवसापर्यंत तांबूस, मग फिकट होत जाणारी, वास नसलेली घाण येणं बरोबर आहे, पिशवी स्वतःला साफ करत असते. पण घाण पातळ, तांबडी-तपकिरी, गोठ्यात शिरताच नाक धरावं असा कुजका वास, जनावराला ताप, वैरण सोडलेली, दूध एकदम खाली, हे पहिल्या तीन आठवड्यात झालं तर त्याच दिवशी डॉक्टर लागतो, उद्यावर ढकलायचं नाही, यात जनावर दगावतं.

तीन आठवड्यांनंतर ताप नाही, खाणंपिणं चांगलं, पण बसल्यावर पांढरा-पिवळा पू येतो, ही दुसरी गोष्ट, पिशवीची जुनी सूज. याकडं लोक बघतच नाहीत कारण दूध चालू असतं, आणि मग सहा महिन्यांनी विचारतात गाभण का राहीना. आणखी एक फसवणारा प्रकार म्हणजे पिशवीत पू साठून राहतो, जनावर माजावरच येत नाही, आपण समजतो गाभण आहे आणि चार महिने वाट बघतो. म्हणून रेतनानंतर दोन-अडीच महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्याच. माजावर आणायचं इंजेक्शनसुद्धा तपासल्याशिवाय कुणाकडनं टोचून घेऊ नका, जनावर खरंच गाभण असेल तर त्याच इंजेक्शननं गाभ पडतो.

६. चार वेळा भरवली (रेतन केलं), प्रत्येक वेळी उलटते (परत माजावर येते), काय करू?

दर २१ दिवसांनी, १८ ते २४ म्हणा, नेमानं माजावर येते, तीन किंवा जास्त वेळा भरवूनही राहत नाही, तिलाच खरी उलटणारी म्हणायची. सोट (माजाच्या वेळी योनीतनं येणारा चिकट स्राव) बघायला शिका, यात डॉक्टरची गरज नाही. सकाळी उजेडात सोट बोटावर घेऊन बघा, काचेसारखा स्वच्छ, अंड्याच्या पांढऱ्यासारखा लांब तार येणारा पाहिजे. गढूळ असेल, पांढरे ठिपके असतील, पिवळसर झाक असेल तर त्या माजाला भरवायचंच नाही. पैसे आणि सिमेन (वीर्य) वाया जातं आणि आतला जंतू आणखी वर ढकलला जातो. डॉक्टर सोट घेऊन औषधात उकळून रंग बघतात, पिवळा झाला की सूज पकडता येते, मग उपचार आणि पुढच्या माजाला रेतन.

सोट स्वच्छ असूनही उलटत असेल तर वेळ तपासा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका असतो आणि जास्त करून रात्री-पहाटे असतो, उन्हाळ्यात तर कळतच नाही, म्हणून झोपायच्या आधी एक आणि पहाटे धार काढायच्या आधी एक फेरी. रेतन करणाऱ्याकडंही लक्ष ठेवा, नवीन शीथ (रेतनाच्या नळीवरचं प्लास्टिकचं आवरण) उघडली का, योनी पुसून घेतली का, सिमेनची कांडी कोमट पाण्यात सोडली का नुसतीच हातावर चोळली. विचारायला लाजू नका, जनावर तुमचं आहे.

७. रेतनानं राहीना म्हणून गावातल्या रेड्याकडं नेऊ का?

हे मी करू देत नाही. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू वळूच्या-रेड्याच्या लिंगाच्या कातडीत बसतो, त्याला स्वतःला काहीच होत नाही, दिसायला धडधाकट, पण ज्या ज्या जनावराला दाखवला तिथं जंतू सोडतो. मग जनावर राहतं आणि गर्भ आत लवकर मरतो, आपल्याला कळतही नाही, २१ ऐवजी ३०-३५ दिवसांनी परत माजावर येतं. गल्लीतल्या तीन-चार म्हशी एकाच रेड्याकडं गेल्या आणि सगळ्या अशा उशिरा उलटल्या तर रेड्यावर संशय घ्या. ट्रायकोमोनास म्हणून असाच पसरणारा आणखी एक रोग आहे, तो जिवाणू नाही, एकपेशीय परजीवी आहे, त्याचं औषध वेगळं, म्हणून अंदाजानं अँटिबायोटिक मारून उपयोग नसतो. सिमेन बनवणाऱ्या केंद्रात वळू नेमानं तपासलेले असतात, तोच फरक.

८. ब्रुसेलाची लस कधी द्यायची? मोठ्या म्हशीला चालते का?

फक्त मादी वासराला, चार ते आठ महिने वयात, जन्मात एकदा. मोठ्या, गाभण जनावराला आणि नर वासरा-रेडकांना नाही, लस जिवंत जंतूचीच असते, गाभणीत गाभ पडू शकतो आणि नराच्या अंडात सूज येते. २०१९ पासनं केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ही लस फुकट आहे, कानात १२ आकडी बिल्ला मारून नोंद करतात. लोक बिल्ल्याला घाबरून कालवड मागच्या परड्यात बांधतात, असं करू नका, चार महिन्यांची ती खिडकी एकदा गेली की परत येत नाही. लस टोचताना डॉक्टर हातमोजे आणि चष्मा घालतात ते उगीच नाही, सुई माणसाला लागली तर माणसाला आजार होतो, म्हणून वासरू नीट धरा.

९. हे माणसाला होतं का?

होतं. जखमेतनं, डोळ्यात उडून, तोंडातनं, कच्च्या दुधातनं. सासऱ्यांना रोज संध्याकाळी ताप चढायचा, पहाटे घामानं गंजी पिळून काढावी एवढी भिजायची, सकाळी परत बरे. कंबर धरली, सांधे धरले, जेवण तुटलं. एका दवाखान्यात टायफॉइड म्हणून दोन वेळा औषध झालं, आठ दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. दोन महिने असे गेले, मग दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात जनावरं आहेत का आणि गाभडलं होतं का. रक्त तपासलं, ब्रुसेला निघाला. दोन औषधं सहा आठवडे चालली, बरे झाले, पण कंबर अजून दुखते.

म्हणून चढउताराचा ताप पंधरा दिवसात हटला नाही तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं की घरी जनावरं आहेत, अमक्या महिन्यात गाभडलं होतं. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, हा परत उलटतो. पुरुषांच्या अंडाला सूज येऊ शकते, गरोदर बाईचं बाळ जाऊ शकतं. माणसासाठी लस नाही.

१०. मग गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्यायचं का नाही?

हा प्रश्न कोल्हापुरात विचारला जाणारच, आणि उत्तर द्यायला मलाही जड जातं, कारण गवळी म्हैस समोर पिळतोय, पितळी पेल्यात फेस आलाय आणि तालमीतली पोरं रांगेत उभी आहेत हे आपल्या गावाचं वैभव आहे. पण म्हैस तपासलेली नसेल तर ते दूध मी माझ्या पोराला देणार नाही. ब्रुसेला झालेली म्हैस दिसायला ठणठणीत असते, कासेतनं जंतू जात असतो. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना हाच ताप यायचा, डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये जंतू शोधला तरी तो येतो कुठनं ते कळायला १९०५ उजाडलं, झमित नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं की शेळीच्या कच्च्या दुधातनं, १९०६ मध्ये सैन्यात ते दूध बंद केलं आणि आजार एकदम खाली आला.

दूध उतू येईपर्यंत उकळलं की जंतू मरतो, दूध संघाच्या पिशवीतलं पाश्चराइज केलेलं असतं, ६३ अंशाला ३० मिनिटं किंवा ७२ अंशाला १५ सेकंद. उकळलेल्या दुधाचं दही-ताक चालतं, कढवलेलं तूप चालतं, खरवस नीट शिजलेला चालतो. कच्च्या सायीचं लोणी आणि कच्चा चीक चाखणं नको. कट्ट्यावरच्या गवळी भावांना हात जोडून सांगते, म्हशी तपासून घ्या, तुमचाच धंदा टिकेल.

११. टेस्ट कशी होते, आणि पॉझिटिव्ह आली तर विकून टाकू का?

सगळ्या गोठ्याची चाळणी करायला दुधाची रिंग टेस्ट असते, रंगवलेला जंतू दुधात टाकतात आणि वर सायीत निळं कडं आलं तर संशय. नुकतं व्यालेलं किंवा दगडी (कासेची सूज) झालेलं जनावर असेल तर ती फसवते. रक्ताची गुलाबी थेंबाची 'रोज बेंगॉल' नावाची टेस्ट काही मिनिटात गुठळ्या दाखवते, पक्कं करायला एलायझा नावाची दुसरी टेस्ट, नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडंही जातात. गाभडल्या गाभडल्या निगेटिव्ह आली तरी तीन आठवड्यांनी परत करा, रक्तात खूण उशिरा दिसते. उलट लहानपणी लस दिलेली कालवड पॉझिटिव्ह दाखवू शकते, म्हणून बिल्ल्याचा नंबर आणि लसीची तारीख डॉक्टरांना सांगा.

पॉझिटिव्ह जनावराला खात्रीचं औषध नाही, जंतू पेशीच्या आत लपतो, अँटिबायोटिकला पैसे घालू नका. आणि सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट ही की एकदा गाभडलेली पुढच्या वेळी बहुतेक पूर्ण दिवसांची व्यालते, लोक म्हणतात बरी झाली. बरी होत नाही, दर वेताला वारेतनं आणि रोजच्या दुधातनं जंतू टाकत राहते. तिची रेडीसुद्धा निगेटिव्ह दिसून पहिल्या वेताला उठू शकते.

विकायचं म्हणाल तर न सांगता बाजारात नेऊ नका. मला माहितीय म्हशीवर कर्ज असतं, हप्ता दुधाच्या बिलातनं कापला जातो, भाकड ठेवणं परवडत नाही. पण तुम्ही ती गुपचूप विकली तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली सून उघड्या हातानं तिची वार उचलणार आहे. वेगळी बांधा, शेवटी पिळा, दूध उकळूनच वापरा, व्यायच्या वेळी लांब न्या आणि प्रश्न ३ सारखं सगळं करा. पुढं काय ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

१२. पुरानंतर आमच्या गल्लीत तीन जनावरं गाभडली, पाण्याचं काही असेल का?

असू शकतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ-करवीरकडली जनावरं दिवसेंदिवस पाण्यात आणि चिखलात होती. उंदीर, कुत्री, जनावरं यांच्या लघवीतनं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या रोगाचा जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो, भिजून मऊ झालेल्या कातडीतनं आत जातो. ताप येऊन जातो, दूध तुटतं आणि गाभ काही आठवड्यांनी पडतो, म्हणून पुराशी संबंध कुणी लावत नाही. वासरांना तांबडी लघवी होते. ब्रुसेलासारखं यातही रक्तच तपासावं लागतं. तुम्हाला पाण्यातनं फिरल्यावर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

१३. मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण) आणि उसाच्या वाढ्यानं (शेंड्याच्या हिरव्या पानानं) गाभ पडतो का?

चांगल्या मुरघासानं नाही. हवा शिरलेला, कडेला बुरशी आलेला, मातीमिश्रित मुरघास असेल तर त्यात लिस्टेरिया नावाचा जिवाणू वाढतो, त्यानं शेवटच्या महिन्यात गाभ पडतो, नाहीतर जनावर मान एका बाजूला करून गोल गोल फिरतं. तो थर काढून फेकायचा, गाभणीला तर नाहीच.

वाढ्याचं वेगळं. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. हंगामात चार महिने नुसतं वाढं खाल्लेल्या म्हशीची पिशवी व्यायच्या वेळी जोर करत नाही, वार अडकते, आणि अडकलेल्या वारेवर जंतू चढतात. वाढं बंद करा म्हणत नाही, फुकटची वैरण कोण सोडणार, पण सोबत दुसरी वैरण घाला, वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, रोज ५० ग्रॅम मिनरल मिक्श्चर द्या.

१४. शेतात खतासाठी मेंढरं बसवतो, त्यातनं काही येतं का?

मेंढ्या-शेळ्यांचा ब्रुसेला वेगळ्या जातीचा, माणसाला तो जास्त जोरात धरतो. कळपात गाभडणं चालू आहे का ते धनगर मामांना सरळ विचारा, ते खोटं सांगत नाहीत असा माझा अनुभव आहे. मेंढरं गोठ्यापासनं लांबच्या वावरात बसवा, व्यायला टेकलेली गाय-म्हैस तिकडं चरायला सोडू नका.

१५. पिशवीत औषध सोडलंय, दूध संस्थेत घालू का?

औषधाच्या बाटलीवर किती दिवस दूध वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं, नाही समजलं तर डॉक्टरकडनं कागदावर लिहून घ्या. तेवढे दिवस संस्थेत नाही, घरातही नाही. चार दिवसाच्या बिलाला चाट बसते हे खरं, पण त्या कॅनमध्ये अख्ख्या गावाचं दूध एकत्र होतं. गोठ्याच्या खांबाला खडूनं तारीख लिहून ठेवा, म्हणजे सकाळी धार काढणारं माणूस दुसरं असलं तरी चुकत नाही.